मलकापूरहून अमरावतीला : जुन्या कॉलेजच्या गावी दोन दिवस

मलकापूर हे वऱ्हाडच्या पश्चिम वेशीवरचे गाव. येथून गाडीने पश्चिमेची वाट धरली की थोड्याच वेळात खानदेश लागतो आणि भुसावळ येते. पूर्वेची धरली की नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर अशी स्थानके मागे टाकीत ती बडनेऱ्याला पोचते. हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला. वऱ्हाडात तो आला कापसासाठी. जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला जे फाटे काढले गेले, तेही कापसाच्या बाजारपेठांसाठीच. पुढे मात्र याच रुळांवरून कापसाच्या गाठींबरोबर मुलेही जाऊ लागली. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे असेल, तर पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि फराळाचा डबा घेऊन तो फलाटावर उभा राही. कोणी नागपूरला जाई, कोणी जळगावला, तर कोणी अमरावतीला. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे डॉ. विष्णू भिकाजी कोलते असेच शिक्षणासाठी बाहेर पडले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या सत्तरीपुढच्या मंडळींत त्या ट्रंकवाल्या पिढीतले बरेच जण आहेत. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता एखादे वाक्य हमखास येते : ‘एकदा अमरावतीला जाऊन यायचे मनात आहे, डॉक्टर.’ आपणही कधीतरी असे बोलला असाल. आपण वडीलधाऱ्यांची काळजी घेणारे असाल, तर हे वाक्य आपण ऐकले असेल आणि त्याला उत्तरही दिले असेल. ती उत्तरे ठरलेली असतात. गुडघ्यांचे काय? साखर कमी-जास्त झाली तर? वाटेत काही झाले तर कोण धावणार? घरातील ज्येष्ठाला विस्मरणाचा आजार असेल, तर याहून कठीण प्रश्न पुढे येतो : ‘आठ दिवसांनी त्यांना काहीच आठवणार नाही, मग एवढी दगदग कशासाठी?’

पहिल्या तीन प्रश्नांना वैद्यकशास्त्रात सरळ उत्तरे आहेत आणि ती मी पुढे देणार आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका प्रवासाची हकीकत सांगूनच द्यावे लागेल. त्या दांपत्याच्या संमतीने, त्यांची नावे न घेता, ती येथे सांगतो.

आठवणींचे वय

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द आज आपण गतकाळाच्या गोड हुरहुरीसाठी वापरतो; पण त्याचा जन्म एका वैद्यकीय प्रबंधात झाला. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण स्विस वैद्याने ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. घरापासून दूर गेलेल्या माणसांना जडणारा, झुरणीला लावणारा रोग असेच त्याने त्याचे वर्णन केले होते. पुढे दीर्घकाळ वैद्यकाने भूतकाळात रमणाऱ्या वृद्धांकडे काहीशा संशयानेच पाहिले. १९६३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वेगळा विचार मांडला : उतारवयात माणूस मागे वळून पाहतो, ती आपल्या आयुष्याचा हिशेब जुळवण्याची स्वाभाविक क्रिया आहे, बुद्धीची घसरण नव्हे.

या मागे वळण्यात एक वय पुन्हा पुन्हा भेटते. वृद्ध माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वर्षांतील आठवणी इतर काळापेक्षा अधिक येतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. घराबाहेरचे पहिले वास्तव्य, पहिली मैत्री, पहिले प्रेम, पहिली कमाई ही सारी त्याच वर्षांत घडते. अल्झायमरसारख्या आजारातही सुरुवातीला नव्या घटना मेंदूत नोंदल्या जात नाहीत. जुन्या नोंदी बऱ्याच काळ शाबूत राहतात. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारा माणूस वसतिगृहातील खोलीचा क्रमांक सांगतो, तो यामुळे.

म्हणूनच स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी यांच्या आधाराने आठवणी जागवण्याची उपचारपद्धती वापरली जाते. तिने आजार मागे हटत नाही. मनःस्थिती आणि संवाद यांत काही जणांना थोडा लाभ होतो, एवढेच आजवरच्या अभ्यासांतून म्हणता येते. ही मर्यादा आधीच ध्यानात ठेवलेली बरी. म्हणजे प्रवासाकडून अवाजवी अपेक्षा राहत नाही.

निघण्यापूर्वी

हे दांपत्य मलकापूरचे. सर पंचाहत्तरीचे, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले. काकू एकाहत्तर वर्षांच्या. दोघांची ओळख अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात झाली, साठचे दशक संपता संपता. अडीच वर्षांपूर्वी सरांना विस्मरण जडले. अशा वेळी ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, डोक्याला लागलेला मार यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांपैकी काही कारणे दूर करता येतात. सरांच्या साऱ्या तपासण्या झाल्या, तज्ज्ञांनी पाहिले आणि निदान अल्झायमरचे, सुरुवातीच्या टप्प्यातले, असे झाले.

मुलगा पुण्याला. त्याचा विरोध प्रेमापोटीच होता. शेवटी एक तोडगा निघाला : एकच रात्र बाहेर, शनिवारी जाणे आणि रविवारी परतणे, सोबत एक तरुण भाचा, आणि त्याआधी तीन आठवड्यांची तयारी. आपण असे कोठेही निघणार असाल, तर ही तयारी जशीच्या तशी उचलावी.

पहिली तयारी पायांची. दररोज वीस मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे आणि हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव, झेपेल तेवढा. घरात पडण्याची भीती असलेल्यांनी हा सराव भिंतीजवळ, कोणी शेजारी उभे असतानाच करावा. प्रवासात माणूस थकतो तो चालण्यापेक्षा पायऱ्या, फलाट आणि रिक्षात चढण्या-उतरण्याने. त्यासाठी मांड्यांत बळ लागते.

दुसरी तयारी औषधांची. चार दिवस पुरतील एवढी औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावी. एक पिशवी हरवली तरी दुसरी हाताशी राहते. औषधांच्या चिठ्ठीची प्रत, आजारांची नावे आणि ज्या औषधाची अॅलर्जी असेल त्याचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या सकाळी ती कधी घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये. लघवी लागेल म्हणून पाणी न पिणे ही आपल्याकडची जुनी आणि घातक सवय आहे. तिने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि वृद्ध माणसात त्याचे पहिले लक्षण अनेकदा ताप नसून अचानक वाढलेला गोंधळ हे असते.

वापरात असलेले इन्सुलिन तापमान तीस अंशांच्या आत असेल तर साधारण चार आठवडे बाहेर टिकते. त्याला बर्फ थेट लावू नये आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ते ठेवू नये. साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर, चिडचिड, बरळणे, ही सोबत्याला ठाऊक हवीत. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये.

तिसरी तयारी ओळखीची. सरांच्या सदऱ्याच्या खिशात नाव, गाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड ठेवले होते, आणि निघताना भाच्याने त्यांचे एक छायाचित्र काढून घेतले. गर्दीत चुकामूक झाली, तर ‘त्यांनी कोणता सदरा घातला होता?’ याचे उत्तर फोनमध्येच असते.

आणि चौथी तयारी ऋतूची. आपल्या भागात मार्च ते जून हे महिने वृद्धांच्या हौशीच्या प्रवासाचे नव्हेत. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही पहाटेची गाडी टाळावी; थंडीत पहाटे रक्तदाब वाढतो आणि अर्धवट झोपेत माणूस अडखळतो.

गाडीत

मलकापूर ते बडनेरा एक्स्प्रेसने अडीच-तीन तास लागतात. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद झाली. मात्र साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. एसटीने जाणार असाल, तर राज्यात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि सर्व स्त्रियांना निम्मे. पण गाडीत स्वच्छतागृह असते आणि उठून दोन पावले टाकता येतात. या दोन कारणांसाठी मी वृद्धांना रेल्वेच सुचवतो. दर तासाला उठून थोडे चालावे. ते जमत नसेल तर बसल्या जागी पावले घोट्यातून वर-खाली करावी, म्हणजे पायांतील रक्त साकळत नाही. चालती गाडी डुलत असते, म्हणून स्वच्छतागृहापर्यंत सोबत जावे आणि दार आतून लावू देऊ नये.

काकूंनी सरांना खिडकीजवळ बसवले. नांदुरा गेले आणि सर आपणहून बोलू लागले. आता जलंब, मग शेगाव, मग पारस, मग अकोला. गाडी कोठे थांबत होती, कोठे नाही. त्यांची यादी मात्र क्रमाने पुढे सरकत होती. शेगावला कचोरीवाला डब्यात आला. सरांनी खिशाकडे हात नेला आणि विचारले, ‘दोन घेऊ?’ गेल्या वर्षभरात त्यांनी कशाचीही खरेदी केली नव्हती. काकूंनी एकच घ्यायला लावली आणि तिघांनी ती वाटून खाल्ली. मधुमेह्याने तळलेले खाऊच नये असा माझा हट्ट नसतो. एकाचे तीन वाटे करणे हेही पथ्यच आहे.

मूर्तिजापूर येताच त्यांनी यवतमाळ आणि अचलपूरला जाणाऱ्या छोट्या रुळांच्या ‘शकुंतले’ची चौकशी केली. ती गाडी आता बंद आहे. भाच्याने तसे सांगितले आणि सर काही क्षण गप्प झाले. काकूंनी विचारले, ‘तुम्ही बसला होता ना हो तिच्यात?’ आणि ते पुन्हा बोलते झाले. येथे काळजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट उचलावी. विस्मरण झालेल्या माणसाला ‘हे आठवते का?’ असे विचारू नये. ती परीक्षा होते आणि तो नापास होतो. ‘मला सांगा ना’ असे म्हणावे. त्यात चुकीचे उत्तर नसते.

अमरावतीत

बडनेऱ्याहून अमरावती दहाएक किलोमीटर. थेट अमरावतीच्या नव्या स्थानकापर्यंत जाणाऱ्या गाड्याही आहेत. पोचल्याबरोबर फिरायला निघू नये. राहण्याची जागा तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली, कमोड आणि आधाराची दांडी असलेली, आधी फोनवर विचारून ठरवलेली असावी. जेवण, औषध, दीड तास विश्रांती आणि मग चारच्या सुमारास बाहेर, हा क्रम मोडू नये.

विदर्भ महाविद्यालय १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज या नावाने सुरू झाले. आज त्याचे नाव शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था असे आहे. पण रिक्षावाल्याला ‘व्हीएमव्ही’ एवढे सांगितले की पुरते. सर शिकत होते तेव्हा अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ नव्हते, ते १९८३ मध्ये आले; सरांच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचा शिक्का आहे. आपण अशा ठिकाणी जाणार असाल, तर आधी कार्यालयात विचारून परवानगी घ्यावी. जुना विद्यार्थी म्हटल्यावर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

फाटकाशी काय घडले ते काकूंनी मला सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत देतो : ‘आत शिरलो आणि ते माझ्या पुढे चालू लागले, डॉक्टर. दोन वर्षे मीच पुढे असते आणि ते मागून येतात. त्या दिवशी मला सांगत होते, इकडून ये, तिथे पायरी आहे.’

त्यांना सारे आठवले असे मुळीच नाही. प्रयोगशाळेची जागा त्यांनी चुकीची सांगितली. एका इमारतीसमोर ते गोंधळले, कारण ती त्यांच्या वेळी नव्हती. मग त्यांनी एका वर्गमित्राचे नाव घेऊन ‘तो कुठे राहिला?’ असे विचारले. तो मित्र काही वर्षांपूर्वी वारला आहे आणि त्याच्या अंत्यविधीला सर स्वतः गेले होते. अशा वेळी काय बोलावे हा प्रश्न प्रत्येक काळजीवाहकापुढे येतो. मृत्यूची बातमी पुन्हा सांगितली, तर माणूस ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळतो. आणि तासाभराने तोच प्रश्न परत येतो. खोटेही बोलवत नाही. काकू म्हणाल्या, ‘आज नाही भेटणार ते. तुम्ही दोघे सायकलवर कुठे जायचा, ते सांगा ना.’ सरांनी वडाळीच्या तलावाची गोष्ट सांगितली आणि मित्र त्या गोष्टीत हजर झाला. याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

काकूंचाही तेथे एक कोपरा होता. एका झाडाखाली त्या थांबल्या आणि डोळ्यांना पदर लावला. का, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जुन्या गावी गेल्यावर रडू येते, ते येऊ द्यावे. सोबतच्या तरुणांनी लगेच ‘चला, चला’ करू नये.

संध्याकाळी गिला वडा. अमरावतीचा हा दह्यातला मऊ वडा दात नसलेल्यांनाही खाता येतो, हे त्याचे मोठेपण. मात्र रक्तदाब असलेल्यांनी वरचे मीठ आणि मधुमेह असलेल्यांनी गोड चटणी बेताने घ्यावी, एक पुरे. दही आंबट किंवा उघड्यावरचे असेल तर मोह आवरावा, कारण वृद्धाला प्रवासात जुलाब लागणे ही साधी गोष्ट नसते. तसे झालेच तर ओआरएसची पुडी पहिल्या जुलाबापासून सुरू करावी. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्याबरोबरच डॉक्टरांनाही फोन करावा.

रात्र

विस्मरणाच्या रुग्णासाठी परक्या जागेतील रात्र हा प्रवासातील सर्वांत अवघड भाग. दिवस मावळला की अनेकांची बेचैनी वाढते. अनोळखी भिंती, वेगळा पलंग, स्वच्छतागृहाचे दार भलत्या बाजूला. मी काकूंना चार गोष्टी सांगितल्या होत्या : घरची चादर आणि उशीचा अभ्रा सोबत न्यावा, स्वच्छतागृहातील दिवा रात्रभर चालू ठेवून दार अर्धवट उघडे ठेवावे, खोलीच्या दाराची कडी वर असेल तर ती लावावी, म्हणजे सर एकटे बाहेर पडणार नाहीत, आणि रात्रीचे जेवण हलके, लवकर घ्यावे.

दोनच्या सुमारास सर उठून बसले. ‘आपण कुठे आहोत?’ काकूंनी त्यांचा हात धरून सांगितले, ‘अमरावतीला.’ सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘मग उद्या कॉलेज आहे का?’ काकू म्हणाल्या, ‘उद्या रविवार.’ आणि सर झोपले.

हे ऐकून मुलाला हसू आले की वाईट वाटले, ते मला माहीत नाही. पण काकूंचे उत्तर खरे होते आणि ते ऐकून माणूस निवांत झोपला, एवढे पुरेसे आहे.

रविवारी सकाळी गर्दी वाढण्यापूर्वी अंबादेवी आणि शेजारचे एकवीरा देवीचे मंदिर. नवरात्रात या परिसरात वृद्धांना नेऊ नये. इतर दिवशी सकाळी दर्शन सोपे होते. तेथून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. सर तरुणपणी तेथे मल्लखांब पाहायला जात. शेवटी गाडगेबाबांच्या समाधीपुढे थोडा वेळ बसणे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येत असताना बाबांनी देह ठेवला. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही राहतात. आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसालाही निवारा लागतो, हे त्या धर्मशाळेत गृहीत धरलेले आहे. काकू तेथे अर्धा तास एकट्या बसल्या. सर भाच्याबरोबर आवारात फिरले. त्या अर्ध्या तासाची आखणीही आम्ही आधीच केली होती. काळजी घेणाऱ्याला प्रवासात स्वतःचा थोडा वेळ मिळाला नाही, तर त्याच्या दृष्टीने घर आणि परगाव यांत काही फरक राहत नाही.

दुपारची गाडी, आणि दिवेलागणीपूर्वी मलकापूर.

परतल्यावर

आठ दिवसांनी दोघे दवाखान्यात आले. मी सरांना विचारले, ‘कसे आहात?’ ‘छान,’ ते म्हणाले. अमरावतीचा विषय त्यांनी काढला नाही. काकूंनी काढला, तेव्हा सर सौजन्याने हसले आणि म्हणाले, ‘जायला हवे एकदा.’

चौथा प्रश्न येथे आपल्यासमोर उभा राहतो. मुलाचे भाकीत अक्षरशः खरे ठरले होते. मग तो प्रवास वाया गेला काय?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या काही व्यक्तींना त्यांनी चित्रपटांतील दुःखद आणि आनंददायक प्रसंग दाखवले. थोड्याच वेळात त्या व्यक्ती प्रसंगांचा बराच भाग विसरल्या. काहींना तर चित्रपट पाहिल्याचेही आठवेना. परंतु प्रसंगांनी उठवलेली भावना मात्र त्यानंतरही टिकून होती. अभ्यास लहान होता आणि त्यात मोजलेला काळ काही मिनिटांचाच होता, म्हणून त्यातून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण घरोघरी जे दिसते त्याच्याशी हे जुळते. कोणी दटावले तर कारण विसरून गेलेला माणूसही दिवसभर खिन्न असतो. कोणी प्रेमाने जेवू घातले तर कोणी ते न सांगता येऊनही तो प्रसन्न असतो. आठवण पुसली जाते, तिने मनात ठेवलेली ऊब किंवा बोच तेवढ्याच वेगाने जात नाही.

काकूंनी सांगितले की परतल्यावर चार-पाच दिवस सर रात्री शांत झोपले आणि जेवताना बोलत होते. ते तसे प्रवासामुळेच झाले असे एका उदाहरणावरून मी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट मात्र निर्विवाद आहे. त्या दोन दिवसांची आठवण एका माणसाकडे पूर्ण शाबूत आहे, ती काकूंकडे. पुढची काही वर्षे आजार वाढत जाणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्या वर्षांत त्यांना सरांना न्हाऊ घालावे लागेल, भरवावे लागेल आणि कदाचित ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्नही ऐकावा लागेल. ‘इकडून ये, तिथे पायरी आहे’ असे म्हणत पुढे चालणारा माणूस त्यांनी अलीकडेच पाहिलेला आहे; त्या दिवसांत तो त्यांच्या उपयोगी पडेल. प्रवास रुग्णासाठी असतो, तितकाच तो त्याला सांभाळणाऱ्यासाठीही असतो. ‘त्यांना आठवणार नाही’ असे म्हणताना घरचे लोक या दुसऱ्या माणसाला हिशेबात धरायचे विसरतात.

कोणी जाऊ नये

सर्वांनी जावे असे मी सांगत नाही. अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत वारंवार दुखत असेल, साखर किंवा रक्तदाब आवाक्यात नसेल, ताप असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. विस्मरणाचा आजार बराच पुढे गेला असेल, घर बदलले की रुग्ण आक्रमक होत असेल किंवा घाबरत असेल, तर त्याला गावी नेण्यापेक्षा गाव घरी आणावे : जुनी छायाचित्रे, कॉलेजचा अंक, त्या काळची गाणी, एखाद्या मित्राचा फोन. तेही तितकेच मोलाचे आहे.

निघालात तर काही क्रमांक जवळ ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२, गाडीत असताना रेल्वेचा १३९ आणि ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात उचलेना, बोबडी वळली, तर ती पक्षाघाताची लक्षणे समजावी आणि वेळ पाहून ठेवावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. छातीत दाब वाटून घाम आला तर गॅस समजून थांबू नये.

आणि जायचेच असेल तर फार पुढे ढकलू नये. विस्मरणाच्या आजारात सोयीचा काळ सुरुवातीचाच असतो. पुढच्या हिवाळ्यात प्रवास झेपेलच असे नाही. आपले गाव अमरावतीच असेल असे नाही. ते नागपूर असेल, जळगाव, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर असेल. कोणासाठी ते मलकापूरही असेल, कारण आता येथेही महाविद्यालये आहेत आणि डॉ. कोलते यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. येथे शिकून गेलेली मुले आज घरच्या वडीलधाऱ्यांना सांभाळण्याच्या वयात आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने आज घरी एवढेच विचारावे : ‘बाबा, तुमच्या कॉलेजच्या गावाला कोणत्या गाडीने जायचा तुम्ही?’ उत्तर ऐकून घ्यावे, आपल्या डॉक्टरांना भेटून प्रकृतीची खात्री करून घ्यावी आणि दिवाळीनंतरचा एखादा शनिवार-रविवार दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा.